टार्पन मत्स्यक्रीडा
टार्पन मत्स्यक्रीडा : किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात, सामुद्रधुन्यांत व नद्यांच्या मुखांशी टार्पन या मोठ्या माशाला गळाने धरून पुन्हा पाण्यात सोडून देण्याची क्रीडा. ती बहुधा अनुभवी वाटाड्याच्या होडीतून, एका दिवसाच्या किंवा अर्ध्या दिवसाच्या बोलीने खेळली जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्य हे तिचे जन्मस्थान व आजही सर्वांत मोठे केंद्र होय. बेलीझ, क्यूबा, मेक्सिकोचा युकातान द्वीपकल्प, कोस्टा रीका व निकाराग्वा यांच्या कॅरिबियन किनाऱ्यांवर, तसेच पश्चिम आफ्रिकेतील काही नदीमुखांशीही ती चालते. टार्पनचे मांस काटेरी असल्याने फ्लॉरिडात त्याला अन्न म्हणून मागणी नाही. त्यामुळे या व्यवसायाचे सारे मूल्य जिवंत माशात आहे. सोडलेला मासा जगला, तरच तो पुढच्या वर्षी परत येतो. या क्रीडेचे तंत्र, तिचे कायदे आणि तिच्यापुढील अडचणी या सर्वांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

मासा : अटलांटिक टार्पनचे शास्त्रीय नाव मेगॅलॉप्स अटलांटिकस. मेगॅलॉपिडी कुलात याशिवाय मेगॅलॉप्स सिप्रिनॉयडीस ही एकच जाती आहे. ती हिंदी महासागर व पश्चिम पॅसिफिक महासागर यांत आढळते. भारताच्या किनाऱ्यावरील खाड्यांत व नद्यांच्या मुखांतही ती मिळते. मात्र ती आकाराने बरीच लहान असल्याने तिच्याभोवती अशी क्रीडा वाढलेली नाही. अटलांटिक टार्पन सु. २·५ मी.पर्यंत लांब होतो. गळाने धरलेल्या टार्पनचा मान्यताप्राप्त जागतिक विक्रम १३० किग्रॅ. वजनाचा असून तो २००३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ येथे नोंदविला गेला. माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, रंग रुपेरी, पाठ निळसर-हिरवी, डोळे मोठे आणि खालचा जबडा पुढे आलेला व वर वळलेला असतो. पृष्ठपक्षाचा शेवटचा किरण लांब दोऱ्यासारखा असतो. खवले तळहाताएवढे मोठे असतात.

टार्पनचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे तो हवेतूनही श्वसन करतो. त्याचे वाताशय अन्ननलिकेला जोडलेले असून त्याच्या आतील बाजूस रक्तवाहिन्यांनी भरलेले, फुप्फुसासारखे ऊतक असते. पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट घेतो व पाठ दाखवीत पुन्हा खाली वळतो. सकाळच्या निश्चल पाण्यात दिसणारी ही लोळण म्हणजे वाटाड्याला मिळणारी पहिली खूण होय.

मादी एका हंगामात एक कोटीहून अधिक अंडी घालू शकते. अंडी किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात घातली जातात. त्यांतून बाहेर पडणारे डिंभ पारदर्शक व फितीसारखे चपटे असतात. वामीचे डिंभही असेच असतात, यावरून टार्पन व वाम यांचे दूरचे नाते लक्षात येते. प्रवाहांबरोबर वाहत हे डिंभ किनाऱ्याला लागतात आणि खारफुटीच्या वनांतील व खाऱ्या दलदलींतील डबक्यांत वाढतात. अशा साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असल्याने मोठे भक्षक मासे तेथे टिकत नाहीत. टार्पनची पिले मात्र हवा घेऊन जगतात. प्रजननक्षम होण्यास टार्पनला सु. दहा वर्षे लागतात. त्याचे आयुष्य ५० वर्षांहून अधिक असू शकते. शिकागो येथील शेड मत्स्यालयात १९३५ मध्ये आणलेला एक टार्पन १९९८ पर्यंत जगला. उशिरा वयात येणाऱ्या व दीर्घायुषी प्राण्याची संख्या एकदा घटली, की ती भरून येण्यास काही दशके लागतात.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टार्पन भाल्याने मारीत. काठी व रीळ यांनी एवढा बलवान मासा आवरणे अशक्य आहे, असा समज होता. मार्च १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एच. वुड यांनी फ्लॉरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पुंटा रासाजवळ ४० किग्रॅ.हून अधिक वजनाचा टार्पन काठीने धरला. हे वृत्त क्रीडाविषयक नियतकालिकांतून प्रसिद्ध होताच उत्तरेकडील व इंग्लंडमधील धनिक हिवाळ्याच्या अखेरीस फ्लॉरिडात येऊ लागले. वुड यांची होडी स्थानिक माणसानेच चालविली होती. पाण्याची माहिती असलेला स्थानिक नावाडी आणि पैसे देणारा पाहुणा ही जोडी अशा प्रकारे या क्रीडेच्या आरंभापासूनच दिसते.

टेक्सस राज्यातील पोर्ट ॲरॅन्सस हे गावही याच काळात प्रसिद्धीस आले. या गावाचे नाव काही काळ ‘टार्पन’ असेच होते. तेथील ‘टार्पन इन’ या जुन्या खाणावळीच्या भिंतींवर पाहुण्यांनी धरलेल्या माशांचे हजारो खवले लावलेले असून प्रत्येकावर नाव व तारीख लिहिलेली आहे. १९३७ मध्ये येथे टार्पन धरणारे राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या सहीचा खवलाही त्यांत आहे. धरलेला मासा धक्क्यावर टांगून छायाचित्र काढावे व खवला स्मृती म्हणून ठेवावा, अशी त्या काळची रीत होती.

फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकापासून नैर्ऋत्येकडे पसरलेल्या ‘कीज’ या द्वीपमालेत रेल्वे आल्यानंतर (की वेस्टपर्यंत १९१२) तेथे ही क्रीडा वाढली. लाँग की येथील रेल्वे कंपनीच्या मत्स्यक्रीडा शिबिरात कादंबरीकार झेन ग्रे नियमितपणे येत. सप्टेंबर १९३५ च्या भीषण चक्रीवादळात रेल्वे व हे शिबिर दोन्ही उद्ध्वस्त झाली. १९३८ मध्ये रेल्वेच्या जुन्या पुलांवरून मोटाररस्ता सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आय्लमोराडा हे गाव वाटाड्यांचे केंद्र बनले. जिमी ऑलब्राइट, जॅक ब्रदर्स, स्टू ॲप्टे यांसारख्या वाटाड्यांनी उथळ पाण्यात मासा डोळ्यांनी पाहून मग त्याच्यापुढे आमिष टाकण्याची पद्धत रूढ केली. बेसबॉलपटू टेड विल्यम्स यांचेही तेथे दीर्घकाळ वास्तव्य होते. १९७० नंतर फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील होमोसॅसा येथे अतिशय मोठे टार्पन मिळत असल्याने विक्रमेच्छू खेळाडूंची तेथे गर्दी होऊ लागली. कृत्रिम माशीच्या गळावर २०० पौंडांहून (सु. ९१ किग्रॅ.) अधिक वजनाचा टार्पन २००१ मध्ये तेथेच प्रथम धरला गेला.

क्षेत्रे व हंगाम : टार्पन उबदार पाण्याचा मासा असून सु. २६° से. तापमानाच्या पाण्याबरोबर त्याचे स्थलांतर होते, असे उपग्रहांद्वारे मागोवा घेऊन केलेल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. वसंतात त्याचे थवे दक्षिण फ्लॉरिडात जमतात. एप्रिल ते जून हा तेथील मुख्य हंगाम होय. त्यानंतर काही मासे अटलांटिक किनाऱ्याने थेट चेसापीक उपसागरापर्यंत, तर काही मेक्सिकोच्या आखातातून मिसिसिपीच्या मुखाकडे जातात व शरद ऋतूत परततात.

या क्रीडेची क्षेत्रे दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार म्हणजे किनाऱ्यालगतची उथळ मैदाने. तेथे पाणी सु. १ ते २·५ मी. खोल व नितळ असून तळाशी पांढरी वाळू किंवा समुद्रतृण असते. वाळूवरून जाणारे मासे गडद रेषांप्रमाणे दुरून दिसतात. दुसरा प्रकार म्हणजे पुलांखालील व बेटांमधील खोल प्रवाह. त्यांत बोका ग्रँड येथील सामुद्रधुनी सर्वांत प्रसिद्ध आहे. अंडी घालण्यासाठी समुद्रात जाण्यापूर्वी तेथे मोठे थवे जमतात. मे-जूनमधील पौर्णिमा-अमावास्यांच्या सुमारास ओहोटीबरोबर असंख्य खेकडे वाहत येतात व टार्पन ते पृष्ठभागावर खातात. याच दिवसांत कीजच्या खडकाळ तळातून पालोलो जातीचे सागरी कृमी संध्याकाळी बाहेर पडतात, तेव्हाही टार्पन त्यांवर तुटून पडतात. या वेळा ओळखून सफरी आखल्या जातात.

वाटाड्या व त्याचे काम : सफरीसाठी पैसे घेऊन पाहुण्यांना नेणाऱ्या नावाड्याला अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा परवाना घ्यावा लागतो. लहान होड्यांच्या परवान्यानुसार सहापर्यंत पाहुणे नेता येतात. परंतु उथळ पाण्यातील होडीत बहुधा एक किंवा दोनच खेळाडू असतात. फ्लॉरिडात वाटाड्याच्या मत्स्यन-परवान्यात त्याच्या पाहुण्यांचाही समावेश होतो.

होडी सपाट तळाची व वजनाने हलकी असते. मैदानाच्या कडेला पोहोचल्यावर यंत्र बंद करण्यात येते. वाटाड्या होडीच्या मागील भागी, यंत्राच्या वर बसविलेल्या उंच फळीवर उभा राहून ५ ते ७ मी. लांबीच्या दांड्याने तळ रेटत होडी पुढे नेतो. ही फळी १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आली. तिचे श्रेय मायामीचे वाटाडे बिल कर्टिस यांना देतात. उंचीमुळे पाण्यातील दृश्य दूरवर दिसते, यंत्राचा आवाज नसल्याने मासे बुजत नाहीत आणि पंख्याची पाती समुद्रतृणाला लागत नाहीत. पात्यांनी उखडलेले समुद्रतृण पुन्हा वाढण्यास कित्येक वर्षे लागतात.

खेळाडू होडीच्या नाळेवर काठी घेऊन सज्ज असतो. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे नाळेची दिशा ‘बारा’ धरून वाटाड्या मासा कोठे आहे ते सांगतो. ‘अकरा वाजता, साठ फूट, उजवीकडे येत आहे’ एवढे शब्द पुरतात. आमिष माशाच्या पुढे, त्याच्या वाटेवर व त्याच्या पातळीला पडावे लागते. ते अंगावर पडले किंवा माशाच्या दिशेने चालून येताना दिसले, तर सारा थवा उधळतो; कारण भक्ष्य भक्षकाकडे कधी चालून येत नाही. वारा, भरती-ओहोटीचा ओघ, सूर्याची दिशा व थव्याची गती यांचा मेळ घालून होडी योग्य जागी उभी करणे हे वाटाड्याचे खरे कौशल्य होय. मासा गळाला लागण्याआधीच या कामाचा मोठा भाग संपलेला असतो.

साधने व तंत्र : आमिष म्हणून जिवंत खेकडे, बोई व कोळंबी किंवा पिसे व केस बांधून केलेली कृत्रिम माशी वापरतात. माशीसाठीच्या दोरीत सु. ७ ते ९ किग्रॅ. ताण सोसणारा एक नाजूक भाग ठेवण्याचा नियम विक्रमांसाठी आहे. त्याच्या पुढे, माशाच्या खरखरीत जबड्याने दोरी कापली जाऊ नये म्हणून जाड दोरीचा एक तुकडा जोडतात. टार्पनचे तोंड हाडांचे व कठीण असल्याने गळ रुतणे अवघड असते. गळाला लागलेले अनेक मासे पहिल्याच उडीत सुटतात. जिवंत आमिषासाठी वर्तुळाकार गळ वापरल्यास तो घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात रुततो व माशाला इजा कमी होते.

गळ लागताच टार्पन पाण्याबाहेर उंच उडी मारतो व डोके झाडतो. पाण्यात असताना त्याच्या शरीराचे बरेचसे वजन पाणी पेलते; हवेत असताना ते सर्व ताणलेल्या दोरीवर येऊ शकते. म्हणून मासा उडताच खेळाडूने काठी माशाच्या दिशेने पुढे झुकवून दोरी सैल सोडावयाची असते. या कृतीला ‘राजाला मुजरा’ अशा अर्थाचे नाव आहे. नंतर मात्र काठी खाली, आडवी व माशाच्या गतीच्या विरुद्ध बाजूस ओढून त्याला लवकर थकविणे इष्ट असते. काठी उंच धरून ओढल्यास झुंज तासन् तास लांबते आणि ती जितकी लांबेल तितकी माशाची वाचण्याची शक्यता कमी होते.

मासा वजन करण्यासाठी बाहेर काढीत नाहीत; मापांवरून वजनाचा अंदाज करतात. घेराच्या इंचांतील मापाचा वर्ग करून त्यास लांबीच्या इंचांतील मापाने गुणावे व ८०० ने भागावे, म्हणजे वजन पौंडांत मिळते. उदा., ७२ इंच लांब व ३८ इंच घेराच्या माशाचे वजन सु. १३० पौंड (५९ किग्रॅ.) भरते.

सोडलेल्या माशाचे भवितव्य : सोडलेला मासा जगतोच असे नाही. फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ध्वनिप्रेषक लावून केलेल्या एका अभ्यासात सोडलेल्या टार्पनांपैकी सु. १३ टक्के मेल्याचे आढळले व त्यांतील अनेक शार्कांच्या तोंडी गेले होते. बोका ग्रँड व बाहिया होंडा येथील पुलांजवळ हातोड्यासारख्या डोक्याचे मोठे शार्क (हॅमरहेड) थकलेल्या टार्पनांवर टपून असतात. शार्क दिसताच दोरी तोडून किंवा रीळ मोकळे सोडून माशाला पळू देणे ही जाणत्या वाटाड्याची रीत आहे. तेथे विक्रम व छायाचित्र या दोहोंवर पाणी सोडावे लागते.

मोठा मासा होडीत ओढून घेतल्यास त्याच्याच वजनाने अंतर्गत इंद्रियांना इजा होऊ शकते. म्हणून तो पाण्यातच ठेवून, तोंड प्रवाहाकडे करून, त्याला पुरते बळ येईपर्यंत आधार देतात. फ्लॉरिडा राज्याने १९८९ मध्ये टार्पन ठेवून घेण्यासाठी ५० डॉलरची चिठ्ठी आवश्यक केली. २०१३ पासून टार्पन धरून सोडणे हाच नियम असून ही चिठ्ठी केवळ विक्रमाच्या प्रयत्नासाठी, वर्षाला माणशी एक, अशी मिळते. ४० इंचांहून (सु. १०२ सेंमी.) लांब मासा पाण्याबाहेर काढण्यास मनाई आहे. बोका ग्रँड सामुद्रधुनीत गळाला खाली वजन बांधलेली साधने त्याच वर्षी निषिद्ध ठरविण्यात आली. कारण त्यांमुळे गळ माशाने आमिष न घेताच त्याच्या अंगात बाहेरून रुततो, असा आक्षेप होता. या निर्णयापूर्वी जुने आमिष वापरणारे आणि ही साधने वापरणारे वाटाडे यांच्यात अनेक वर्षे तीव्र वाद चालू होता.

वाटाडे व खेळाडू यांनी संशोधनासही हातभार लावला आहे. माशाच्या जबड्याच्या बाहेरील बाजूवर खरखरीत स्पंज फिरवून त्वचेच्या पेशी गोळा करावयाच्या व त्यांतील आनुवंशिक द्रव्यावरून तोच मासा पुन्हा केव्हा व कोठे धरला गेला ते ओळखावयाचे, अशी योजना फ्लॉरिडात अनेक वर्षे राबविण्यात आली. एकच मासा निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या माणसांच्या गळाला लागल्याची उदाहरणे तीत मिळाली.

अधिवासाचा प्रश्न : काळजीपूर्वक सोडूनही टार्पन कमी होऊ शकतो, हे टेक्ससच्या उदाहरणावरून दिसते. पोर्ट ॲरॅन्ससची टार्पन मत्स्यक्रीडा विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जवळजवळ लयास गेली. अतिरिक्त मत्स्यनाबरोबर नद्यांवरील धरणांमुळे खाड्यांत येणारे गोडे पाणी घटणे हे एक कारण मानतात. होमोसॅसा येथेही १९८० नंतर मोठ्या माशांची संख्या घटली. होड्यांची वर्दळ व झऱ्यांच्या पाण्यातील घट अशी कारणे त्यासाठी पुढे केली जातात. पिलांची डबकी माणसाला निरुपयोगी वाटतात. डास आटोक्यात आणण्यासाठी फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील बरीच दलदल विसाव्या शतकाच्या मध्यास बांध घालून अडविण्यात आली. इतरत्र घरबांधणीसाठी भर घालण्यात आली.

दक्षिण फ्लॉरिडातील ओकीचोबी सरोवराचे पाणी पूर्वी एव्हरग्लेड्सच्या दलदलीतून संथपणे दक्षिणेस फ्लॉरिडा उपसागरात जाई. कालवे व बांध यांमुळे ते पूर्व व पश्चिमेकडील नद्यांत सोडले जाऊ लागले. परिणामी एका बाजूस खाड्यांत दूषित गोड्या पाण्याचे लोंढे येतात, तर दुसऱ्या बाजूस उपसागर अतिखारट होतो. १९८७ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये या उपसागरातील समुद्रतृण मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. २०१८ मध्ये नैर्ऋत्य किनाऱ्यावर विषारी शैवलांच्या ‘तांबड्या लाटे’ने टार्पनांसह असंख्य मासे मेले आणि सफरी बंद पडल्या. फोर्ट मायर्स परिसरातील वाटाड्यांनी २०१६ मध्ये ‘कॅप्टन्स फॉर क्लीन वॉटर’ ही संस्था स्थापून पाण्याच्या व्यवस्थापनात बदल करण्याची मागणी लावून धरली. एव्हरग्लेड्सच्या पुनःस्थापनेची व्यापक योजना २००० मध्ये संमत झाली असून तिचे काम चालू आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने अटलांटिक टार्पनचा समावेश असुरक्षित जातींत केला आहे. हा मासा देशांच्या सीमा ओलांडून फिरतो. ब्राझीलसारख्या देशांत तो अन्नासाठी धरला जातो व तेथील कोळ्यांच्या उपजीविकेचा तो भाग आहे. म्हणून फ्लॉरिडाचा नियम सर्वत्र जसाच्या तसा लागू करता येत नाही. मेक्सिकोतील कँपेचे व बेलीझ येथे खारफुटीच्या वनांतील लहान टार्पनांभोवती वाटाड्यांचा व्यवसाय उभा राहिल्याने ती वने राखण्यास स्थानिक लोकांना प्रत्यक्ष कारण मिळाले आहे. टार्पनची पिले ज्या गढूळ डबक्यांत वाढतात तेथे कोणी पाहुणा जात नाही. पण नितळ मैदानावरील सफरीचे भवितव्य त्या डबक्यांवरच अवलंबून आहे.